नव्वद पौंड सत्तर पेन्स

वुल्व्हरहॅम्प्टन,
१४ डिसेंबर २०२५

तीर्थरूप आई-बाबांना,
बेबीचा शिरसाष्टांग नमस्कार.

मागच्या रविवारी फोन केला तेव्हा बाबा, तुम्ही नेहमीसारखं "इकडे सगळं ठीक, तू काळजी करू नको" म्हणालात आणि फोन आईकडे दिलात. मला बोलायचं होतं ते राहूनच गेलं. फोनवर ते जमणारही नाही, तुम्ही विषय बदलाल. म्हणून पत्र लिहायला बसले आहे. पत्र तुम्ही दोनदा वाचता, हे मला ठाऊक आहे.

गणपतीत घरी होते तेव्हा देवघराखालच्या फडताळात कापूर शोधताना आईचा जुना स्टीलचा डबा हाती लागला. आत दाढीचं ब्लेड आणि कागदाच्या पुड्या. पुड्यांत अर्ध्या केलेल्या गोळ्या. प्रत्येक पुडीवर बाबांच्या अक्षरात वार लिहिलेले, सोम, मंगळ, बुध. डबा होता तसा मिटून ठेवला आणि बाहेर येऊन आरतीला उभी राहिले. तोंडातून शब्द फुटत नव्हता.

आई, त्यातली एक गोळी निफेडिपिनची होती, रिटार्ड लिहिलेली. ती पोटात सावकाश विरघळावी अशी बनवलेली असते. तोडली की औषध एकदम सुटतं, बीपी झपकन खाली येतं, आणि रात्रीपर्यंत अंगात काही उरत नाही. जुलैमध्ये बाबांना न्हाणीघरात चक्कर आली, ती अशक्तपणाची म्हणून आपण सोडून दिली होती. मला आता तसं वाटत नाही. ही गोळी कृपा करून तोडू नका. बाकीचं पत्र पटलं नाही तरी एवढं ऐका.

मी रोज इथे दुकानात औषधं देते. इंग्लंडमध्ये साठी ओलांडली की प्रिस्क्रिप्शनला पैसे पडत नाहीत. बाबांच्या वयाचे, बाबांसारखेच भट्टीपुढे आयुष्य काढलेले लोक येतात, मी पिशवी त्यांच्या हातात ठेवते, ते "थँक यू लव्ह" म्हणतात आणि जातात. गणपतीनंतर परत कामावर आले, तेव्हा पहिल्याच दिवशी अशाच एका आजोबांना निफेडिपिनची पेटी देताना माझा हात थांबला. पंचेचाळीस वर्षं बाबांनीही याच देशात पेन्शनच्या वर्गणीचा स्टँप भरला होता.

दुसरी गोष्ट कबूल करते. तुम्ही दुपारी आडवे झाला होतात तेव्हा तुमची जमाखर्चाची वही वाचली. न विचारता वाचली, माफ करा. बाबा, वही अशी लिहिलेली आहे की कोणालाही कळावी. मार्चपर्यंत औषधं आणि तपासण्यांपुढे महिन्याला सोळा हजार, जूनपासून नऊ. आजार तर कमी झाले नाहीत. किराणा, दूध, भाजी, गॅस, वीज मिळून बावीस हजार. दिवसा येणाऱ्या मावशींचे चौदा. आईच्या गुडघ्यासाठी फिजिओथेरपीचे सहा. आणि पुरानंतर पतसंस्थेकडून घेतलेल्या कर्जाचा हप्ता अकरा. औषधं पुरी घेतली तर ही बेरीज ६९ हजार होते, आणि पेन्शन येते ७५ हजारांच्या आसपास. घरपट्टी, छपराची डागडुजी, कोणाचं लग्नकार्य, पुण्याला डॉक्टरकडे नेणारी गाडी, हे सगळं उरलेल्या सहा हजारांत बसवायचं. बसत नाही, म्हणून गोळ्या तुटल्या.

वहीच्या शेवटच्या पानावर तुम्ही पेन्सिलीने लिहिलंय, "माझं नियोजन चुकलं." ते वाचल्यापासून हे पत्र मनात लिहिते आहे. बाबा, तुमचं नियोजन चुकलं नाही. मी सगळे आकडे काढून बसले आहे, तुम्हीही ताडून बघा.

नोव्हेंबर २००८ मध्ये तुम्ही दोघं चिपळूणला गेलात. तेव्हा पूर्ण बेसिक पेन्शन आठवड्याला ९० पौंड ७० पेन्स होती. आईने घरी बसून शिवणकाम केलं, त्याचा स्टँप कोणी भरला नाही, म्हणून तिला तुमच्या नोंदीवर ५४ पौंड ३५ पेन्स. दोन्ही मिळून १४५ पौंड ५ पेन्स. सर्प्सची, म्हणजे पगाराच्या प्रमाणात मिळणाऱ्या जास्तीच्या पेन्शनची, थोडी भर मी धरत नाही. आज सतरा वर्षांनी तुमच्या खात्यात तेच १४५ पौंड ५ पेन्स येतात. तुमच्याबरोबर रिटायर झालेला माणूस वुल्व्हरहॅम्प्टनमध्येच राहिला असता तर त्याला आज १७६ पौंड ४५ पेन्स आणि त्याच्या बायकोला १०५ पौंड ७० पेन्स मिळतात, म्हणजे जोडीला २८२ पौंड १५ पेन्स. तुमच्या जवळजवळ दुप्पट. स्टँप तेवढाच, काम तेवढंच, पत्ता तेवढा वेगळा.

ब्रिटन सोडून भारतात राहायला गेलं की पेन्शन ज्या आकड्यावर असेल तिथेच गोठते. अमेरिकेत गेलेल्या पेन्शनरला दर एप्रिलला वाढ मिळते. युरोपात मिळते, फिलिपिन्समध्ये मिळते, जमैकात मिळते, आपल्या मराठी मंडळींच्या मॉरिशसमध्येही मिळते. भारत, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका इथे मिळत नाही. कारण काय, तर त्या त्या देशाशी तसा करार नाही. असे गोठलेल्या पेन्शनचे जवळपास साडेचार लाख लोक जगभर आहेत. ॲनेट कार्सन नावाच्या दक्षिण आफ्रिकेत राहणाऱ्या बाई आणि त्यांच्यासोबतचे बारा जण थेट स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयापर्यंत लढले. मार्च २०१० मध्ये हरले. बाबा, ज्या नियमापुढे त्यांचे वकील हरले, तो तुम्ही फॉर्म भरताना अधिक काळजीने वाचला असता तरी बदलला असता का?

यंदा भारत-ब्रिटन व्यापार करारासोबत सामाजिक सुरक्षेच्या वर्गणीचाही एक करार ठरला, तेव्हा तुम्ही उत्साहाने फोन केला होतात. तो मी बघितला. थोड्या वर्षांसाठी कंपनीने पाठवलेल्या नोकरदारांनी दोन्हीकडे हप्ते भरू नयेत, एवढ्यापुरता तो आहे. तुमच्या पेन्शनला त्याचा उपयोग नाही. त्याची वाट बघू नका.

रुपयांत बघितलं तर ही गोठण सतरा वर्षं झाकली गेली. २००८ ला पौंड ७५ रुपयांच्या आसपास होता, म्हणजे महिन्याला ४७ हजार हातात येत होते. आता पौंड १२० ला टेकलाय म्हणून ७५ हजार दिसतात. बँकेच्या पासबुकात आकडा वाढताना दिसतो, त्यामुळे शेजारच्यांना वाटतं विलायतेची पेन्शन चढतेच आहे. पण तुमच्याच वहीत २००८ चा सिलिंडर तीनशेच्या आसपास आहे आणि आताचा साडेआठशेच्या वर. दूध बावीसचं साठ झालं. उत्पन्न दीडपट झालं आणि खर्च तिपटीकडे गेला.

तरी खरं सांगते, डाळ-तांदळाला तुम्हाला कमी नाही. परसातले नारळ, आईची भाजी, सुकवलेली आमसुलं, यावर तुमचं पोट इथल्यापेक्षा समाधानाने भरतं. कमी पडतं ते दुखण्याला. जाताना घर विकून नेलेली पुंजी होती, ती २०१७ च्या बायपासमध्ये अर्धी गेली. उरलेली २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीच्या पुराने नेली. त्या रात्री तुम्ही दोघं माळ्यावर बसून होतात आणि मी इथे फोन लावत होते, लागत नव्हता. दोन दिवसांनी आईचा आवाज ऐकला तेव्हा ती पहिलं काय म्हणाली, तर "तुझ्या बाबांच्या पेन्शनचे कागद भिजले गं." तेव्हा आम्ही पाठवलेले दोन लाख तुम्ही वर्षभरात परत केलेत. आता कळतं, ते पतसंस्थेतून काढून दिले होतेत.

विम्याचंही पुन्हा विचारलं. पासष्टीनंतर नवा आरोग्य विमा घेता येत नाही ही अट एप्रिल २०२४ पासून गेली, यंदाच्या सप्टेंबरपासून हप्त्यावरचा जीएसटीही गेला. पण ब्याऐंशीचं वय आणि बायपास झालेली, हे ऐकल्यावर एका कंपनीने नाहीच म्हटलं. दुसरीने वर्षाला दीड लाखाच्या पुढचा हप्ता सांगितला, आणि जुन्या आजारांना पहिली तीन वर्षं काही नाही. तो नाद मी सोडला.

परत इकडे येण्याबद्दल दादाने विचारलं होतं. नियमाने बघितलं तर कायमचं राहायला आलात की पेन्शन आजच्या दराने सुरू होते, औषधपाणीही मिळतं, आणि पात्र ठरलात तर पेन्शन क्रेडिट, म्हणजे कमी उत्पन्नाच्या पेन्शनरांना सरकार देतं ती भर, धरून जोडीला आठवड्याला ३४६ पौंड ६० पेन्सपर्यंत आधार मिळतो. कागदावर हे सगळ्यात सोपं उत्तर आहे. पण माझ्या घराचा जिना आईच्या गुडघ्याने चढवणार नाही. सरासरी घराचं गॅस-विजेचं बिल वर्षाला १,७५५ पौंडांवर आहे आणि तरी नोव्हेंबर ते मार्च खिडक्यांना ओल धरते. तुम्ही दोघं ज्यांच्याशी बोलत होतात ती माणसं आता इथे उरली नाहीत. बाबांना सकाळी ओट्यावर बसून पेपर वाचायला लागतो, कोणी ना कोणी हाक मारून जायला लागतं. पेन्शनसाठी ते सोडा, असं मी तुम्हाला सांगणार नाही.

म्हणून दादा आणि मी एक ठरवलं आहे. तुमची गोठलेली पेन्शन आणि इथली पेन्शन यांत आठवड्याला १३७ पौंड १० पेन्सचा फरक आहे. महिन्याचे ५९४ पौंड. निम्मे दादा, निम्मे मी, प्रत्येकी २९७. जानेवारीच्या एक तारखेपासून ते तुमच्या खात्यात येतील. एप्रिलमध्ये इथल्यांना ४.८ टक्के वाढ जाहीर झाली आहे, तेव्हा आमचे प्रत्येकी ३२६ होतील. त्यापुढे दर एप्रिलला जी वाढ लागेल ती आम्ही त्याच हिशेबाने लावू. तुम्हाला मागावं लागणार नाही, आम्हाला विचारावं लागणार नाही. वहीत ते "मुलांकडून" असं लिहू नका. पेन्शनच्याच रकान्यात लिहा, ते तुमच्या पंचेचाळीस वर्षांचंच आहे.

तुम्ही काय म्हणाल ते मला पाठ आहे. मुलीच्या घरचं घेऊ नये. बाबा, तुम्ही १९६३ ला विसाव्या वर्षी इकडे आलात. बिल्स्टनचा पोलाद कारखाना १९७९ ला बंद झाला, त्यामागोमाग तुमची फाउंड्री गेली, तेव्हा मी चिपळूणला आजीकडे होते. दर तिमाहीला तुमचा ड्राफ्ट यायचा. आजी तो पदरात गुंडाळून बँकेत न्यायची आणि मी तिचं बोट धरून बरोबर जायची. ते वर्षभर तुम्ही बेकार होतात हे मला खूप नंतर आईकडून कळलं. त्या वर्षीही ड्राफ्ट चुकला नव्हता, माझी शाळेची फी थांबली नव्हती, दिवाळीला फ्रॉक आला होता. आजीने तो पैसा कधी परत पाठवला नाही. ती म्हणायची, "पोराचं मन मोडायचं नसतं." मीही तुमचीच पोर आहे.

आता कामाच्या गोष्टी. गोळ्यांची पूर्ण यादी मी सोबत लिहिली आहे, प्रत्येक औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम. ती डॉक्टरांना दाखवा आणि ते हो म्हणाले की जनऔषधी केंद्रातून घ्या. स्वस्त म्हणजे कमअस्सल असेल ही तुमची शंका मला माहीत आहे. इथे मीसुद्धा लोकांना मोठ्या कंपनीचं नाव नसलेलीच पेटी देते, आतलं औषध तेच असतं. आईचं इन्शुलिन मात्र बदलू नका. पतसंस्थेचं किती उरलंय तो आकडा दादाला कळवा, तो एकदाच फेडून टाकूया, म्हणजे हप्त्याचे अकरा हजार मोकळे होतील. आणि हयातीच्या दाखल्याचा फॉर्म टपालाने आला की त्याच आठवड्यात सही-साक्ष करून पाठवा, फोटो मला व्हॉट्सॲपवर टाका. मागे एकदा तो वाटेत हरवला आणि पेन्शन थांबली होती, तेव्हाही तुम्ही दोन महिने कळवलं नव्हतंत.

आई, मावशींना आठवड्यातून दोन दिवस बंद केलंयस हेही मला वहीतून कळलं. सोमवारपासून पुन्हा रोज बोलाव. पाटा-वरवंटा तू उचलू नकोस.

मी शिमग्याला येते आहे, १ मार्चचं तिकीट काढलं. पालखी आपल्या अंगणात येईल तेव्हा ओटी भरायला मी असेन. येताना बाबांना हवा तो जाड काचेचा चष्मा आणि तुला गुडघ्यांना बांधायच्या त्या मऊ पट्ट्यांची जोडी घेऊन येते. तो डबा तेवढा माझ्यासाठी रिकामा करून ठेव, त्यात मी तुझ्या आमसुलांचा साठा भरून नेणार आहे. ब्लेड बाबांनी दाढीला वापरावं.

तुमची,
बेबी