नंदूला पत्र: किमिया आणि नाहिद

सातारा
८ सप्टेंबर २०२४

प्रिय नंदू,

काल गणपती बसले, परवा गौरी येतील. एकदा पुरणाचा घाट सुरू झाला की पत्राला सवड मिळायची नाही, म्हणून आज दुपारीच वही घेऊन बसले. परवा फोनवर आपलं बोलणं अर्धवट राहिलं. तुझ्या तायक्वांदोच्या वर्गातल्या मुलीने विचारलं, "मॅडम, पॅरिस ऑलिंपिकमध्ये बल्गेरियाकडून पदक मिळालेली ती मुलगी मूळची इराणची ना?" आणि तू विषय बदललास. मला म्हणालीस, "देश सोडून गेलेल्या खेळाडूचं कौतुक पोरींपुढे कशाला करू? नाहिद कियानीचं सांगेन. ती इराणमध्येच राहिली आणि रौप्य घेऊन घरी गेली." तेवढ्यात तुझ्या दारात कुणीतरी आलं आणि फोन ठेवावा लागला.

नाहिदचं तू सांगच. पण त्या बल्गेरियावाल्या किमिया अलीझादेहला बाजूला ठेवून नाहिदची गोष्ट पुरी होत नाही, असं मला मनापासून वाटतं. का वाटतं, ते नीट लिहिते.

दोघी १९९८ च्या. दोघी इराणच्या राष्ट्रीय संघात बरोबर वाढलेल्या. इराण १९४८ पासून ऑलिंपिकला संघ पाठवतो आहे, पण बाईच्या गळ्यात पदक पडायला २०१६ उजाडलं. रिओमध्ये ५७ किलो गटात अठरा वर्षांच्या किमियाने स्वीडनच्या निकिता ग्लासनोविचला ५-१ ने हरवून कांस्य घेतलं. ते पहिलं. हे तायक्वांदोतच का झालं, याचं एक कारण तुला सांगायला नको. फाइटला हेडगार्ड घालावंच लागतं, त्याच्या आत डोक्याला रुमाल बांधला तरी नियमात बसतं. २०११ मध्ये इराणच्या मुलींचा फुटबॉल संघ जॉर्डनमध्ये ऑलिंपिक पात्रतेच्या सामन्याला मैदानात उतरला आणि डोक्यावरच्या कापडावरून त्यांना खेळूच दिलं नाही. म्हणजे घरचा कायदा रुमाल काढू देईना आणि बाहेरचा नियम रुमालासकट खेळू देईना. ह्या दोन्हींच्या मधून ज्या थोड्या वाटा उरल्या, त्यात आपला खेळ होता.

रिओनंतर किमियाला देशाने डोक्यावर घेतलं. २०१७ च्या जागतिक स्पर्धेत तिने रौप्यही जिंकलं. आणि जानेवारी २०२० मध्ये तिने इन्स्टाग्रामवर लिहिलं की मी देश सोडला आहे. इराणमधल्या लाखो पिचलेल्या बायकांपैकी मी एक, असं तिने स्वतःबद्दल लिहिलं. जे घाला म्हणाले ते घातलं, जे बोला म्हणाले ते बोलले, आणि माझ्या पदकांचं श्रेय मात्र सक्तीच्या हिजाबला आणि अधिकाऱ्यांना देण्यात आलं, असा तिचा आरोप होता. वय एकवीस.

नंदू, "देश सोडून गेली" हे वाक्य तू म्हणालीस ना, ते तायक्वांदोच्या कोचने म्हणावं याचं मला जास्त वाईट वाटलं. धावणारी माणसं एकटी धावू शकतात. आपल्या खेळात एकटीला काय करता येतं? समोर पॅड धरणारं कुणीतरी लागतं. आपल्या वजनाची, आपल्याहून थोडी बरी अशी जोडीदार लागते, जी रोज सकाळी येऊन आपल्या किका खाईल आणि आपल्याला मारेल. कोपऱ्यात खुर्चीवर बसून आपल्या भाषेत ओरडणारा कोच लागतो. ह्या मुलीने ते सगळं एका दिवसात मागे टाकलं आणि जर्मनीत पहिल्यापासून मांडणी केली. ज्या संघात ती वाढली, त्याच संघातल्या मुली पुढे कधीतरी समोर येणार, हे तिला जाताना कळत नसेल असं मला वाटत नाही.

आणि ते झालंच, पहिल्याच ऑलिंपिकला. टोकियो, २५ जुलै २०२१. करोनामुळे प्रेक्षक नाहीत, रिकामा हॉल. किमिया निर्वासितांच्या संघाकडून, ऑलिंपिकच्या पाच वर्तुळांच्या झेंड्याखाली. तिच्या हेडगार्डखाली रुमाल नव्हता. पहिल्याच फेरीत समोर नाहिद, रुमाल बांधलेली. दोघींनी वाकून नमस्कार केला आणि फाइट सुरू झाली. किमिया १८-९ ने जिंकली. त्यानंतर तिने ब्रिटनच्या जेड जोन्सला काढलं, १६-१२. जेडला तर तू वर्गात देवासारखं पुजतेस. २०१२ आणि २०१६ ची सुवर्णविजेती, तिसऱ्या सुवर्णासाठी आलेली. तिला निर्वासित संघातल्या मुलीने बाहेर काढलं! मग चीनच्या झोउ लिजुनलाही. उपांत्य फेरीत मात्र रशियन तातियाना मिनिनापुढे किमिया हरली आणि कांस्याची फाइट तुर्कस्तानच्या हातिजे कुब्रा इल्गुनने ८-६ ने घेतली. दोन पॉइंट, म्हणजे अंगावर बसलेली एक साधी किक. निर्वासित संघाचं पहिलं पदक तेवढ्यावरून हुकलं. ते यायला पुढे पॅरिस लागलं, बॉक्सिंगमध्ये, सिंडी न्गाम्बाच्या रूपाने.

आता माझं खरं म्हणणं ऐक. त्या दिवशी सगळ्या जगाने किमियाकडे पाहिलं. नाहिद काय करत होती? आपल्या रेपेचेजचा नियम आठव. ज्या मुलीने तुला हरवलं ती फायनलला पोचली, तरच तुला कांस्यासाठी परत बोलावणं येतं. म्हणजे सकाळी हरलेली नाहिद दुपारभर किमियाच्या फाइटींवर अवलंबून होती. किमिया मिनिनाकडून हरली, तेव्हा दोघींचीही दारं मिटली. एकीचं फायनलचं आणि दुसरीचं स्पर्धेत परत यायचं. मैत्रीण म्हण, पळून गेलेली म्हण, काहीही म्हण. त्या मॅटवर त्यांची नशिबं एका दोरीत बांधलेली होती.

मग पॅरिसला काय झालं पाहा.

मधल्या तीन वर्षांत इराणमध्ये खूप काही घडून गेलं होतं. सप्टेंबर २०२२ मध्ये हिजाबवरून पकडलेली महसा अमिनी पोलिसांच्या ताब्यात असताना गेली आणि मुली रस्त्यावर आल्या. त्या काळात तिथे राहून, रोज हॉलमध्ये जाऊन सराव करणं म्हणजे काय असेल, मला कल्पना करवत नाही. नाहिदने तो केला. २०२३ ला बाकूमध्ये ती ५३ किलोत जगज्जेती झाली. पण ऑलिंपिकमध्ये बायकांचे चारच गट. ४९, ५७, ६७ आणि त्यावरचा. जागतिक स्पर्धेत ते आठ असतात. ५३ वालीने एक तर अंगातून चार किलो पिळून काढायचे, नाही तर आपल्याहून उंच आणि जड मुलींमध्ये वर जाऊन लढायचं. नाहिद वर गेली. इलेक्ट्रॉनिक होगू, म्हणजे पॉइंट आपोआप मोजणारं छातीचं कवच, आल्यापासून पुढचा पाय हवेत ठेवून, त्यानेच अडवत समोरच्याला लांब ठेवणाऱ्या उंच मुलींचं राज्य आहे, हे तूच मला कितीदा समजावलंस. त्या राज्यात ती हलक्या अंगाने शिरली.

पॅरिसच्या ग्रां पाले ह्या हॉलच्या काचेच्या छपराखाली, ८ ऑगस्टला, सोडतीने पुन्हा दोघींना सुरुवातीलाच समोरासमोर आणलं. किमिया आता बल्गेरियाची नागरिक, बल्गेरियाच्या झेंड्याखाली. ह्या वेळी नाहिद जिंकली. आणि ह्या वेळी वाट पाहायची पाळी किमियाची होती.

नाहिद जिंकत गेली. उपांत्यपूर्व, उपांत्य. तायक्वांदोत इराणच्या कुठल्याही बाईने गाठली नव्हती ती ऑलिंपिक फायनल तिने गाठली, आणि त्या क्षणी रेपेचेजचं दार किमियासाठी उघडलं. नाहिदच्याच जिंकण्याने ती परत आत आली. आत आल्यावर तिने संधी वाया घालवली नाही. चीनची लुओ झोंगशी, जगात पहिल्या क्रमांकाची, तिला हरवून कांस्य घेतलं. बल्गेरियाचं तायक्वांदोतलं ऑलिंपिक पदक. फायनलला कोरियाची किम यू-जिन नाहिदला भारी पडली, सरळ दोन राऊंडमध्ये. क्रमवारीत चोविसावी असलेल्या त्या मुलीने लुओलाही उपांत्य फेरीत काढलं होतं, त्यामुळे त्या हरण्यात कमीपणा काहीच नाही. नाहिदचं रौप्य हे इराणच्या कुठल्याही बाईचं ऑलिंपिकमधलं सगळ्यात मोठं पदक झालं. त्याच्या आदल्या दिवशी मोबिना नेमतजादेहने ४९ किलोत कांस्य घेतलं होतं. इराणमध्ये जन्मलेल्या तीन मुली दोन दिवसांत पदक घेऊन उभ्या राहिल्या, त्यातल्या दोघी एकाच पोडियमवर, दोन झेंड्यांखाली.

म्हणून म्हणते, ह्यातली एक सांगून दुसरी गाळायची कशी? नाहिद राहिली म्हणून किमिया गद्दार होत नाही. किमिया गेली म्हणून नाहिद दबलेली, गप्प बसलेली बाई होत नाही. हे दुसरं बोलणारी माणसंही खूप भेटली मला ह्या महिन्यात आणि त्यांचा मला तितकाच राग आला. नाहिद ज्या हॉलमध्ये, ज्या रुमालात, ज्या माणसांच्या हाताखाली सराव करते, ते तिने निवडलं असेल किंवा नसेल; तिच्या फिरत्या किकेला मिळालेले पॉइंट तिचेच आहेत. राहिलेल्या बाईला "का राहिलीस" आणि गेलेल्या बाईला "का गेलीस" असं विचारणारे लोक आपण आपल्याही घरात पाहिलेत, नंदू. नांदणारीला विचारतात, माहेरी परत आलेलीलाही विचारतात. पुरुष खेळाडू दुसऱ्या देशाकडून खेळला तर त्याला एवढी उलटतपासणी होत नाही.

तुझ्या मनात मुलींचं आहे, ते मला कळतं. तुला भीती आहे की त्यातली एखादी घरी जाऊन काही बोलेल आणि पालक म्हणतील, मॅडम राजकारण शिकवतात. तसं म्हणणारे निघतीलही. पण त्या मुली तुझ्याकडे येतात त्या फक्त बेल्टसाठी नाही ना येत. कुणी समोरून आलं तर पाय उचलायचा आणि "नाही" म्हणायचं, हे शिकायला आई-बाप त्यांना पाठवतात. त्यांनी प्रश्न विचारला तर तो ऐकून घ्यायला हवा.

आणि सांगायला ह्या दोघीच कशाला? व्हिएतनामला ऑलिंपिकचं अगदी पहिलं पदक सिडनीत मिळालं, ते त्रान हिएउ न्गान ह्या मुलीच्या तायक्वांदोतल्या रौप्याने. तैवानला पहिलं सुवर्ण २००४ ला अथेन्समध्ये, चेन शिह-सिनकडून. आपल्या खेळात बायकांनी आपापल्या देशांची खाती उघडलीत. हेही सांग त्यांना.

झाकिया खुदादादीचं तर सांगच. अफगाणिस्तानची, पॅरा तायक्वांदोवाली. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल पडलं तेव्हा ती तिथे अडकली होती. टोकियोच्या पॅरालिंपिकला जायचं होतं आणि विमानतळच बंद. तिने व्हिडिओ करून जगाकडे मदत मागितली, कशीबशी बाहेर काढली गेली आणि फाइटला उभी राहिली. आता फ्रान्समध्ये असते. तिची कोच कोण माहीत आहे? आबी नियारे, रिओला ६७ किलोत रौप्य घेतलेली. तुला तिच्या फाइटी आवडायच्या. परवा, २९ ऑगस्टला, त्याच ग्रां पालेमध्ये झाकियाने ४७ किलोत कांस्य घेतलं, निर्वासितांच्या पॅरालिंपिक संघाचं आजवरचं पहिलं पदक. त्याच गटात आपली अरुणा तन्वर होती, हरियाणातल्या भिवानीकडची. टोकियोला गेलेली ती भारताची पहिली पॅरा तायक्वांदोपटू. ह्या वेळी तिला पहिल्या फाइटमध्येच हार पत्करावी लागली. आपल्या पेपरांत पॅरालिंपिकच्या पदकांची एवढी चांगली गर्दी झाली की अरुणाला दोन ओळी मिळाल्या असतील. तुझ्या वर्गात तिचा फोटो लावशील का? दोन पॅरालिंपिक टिकून राहिली आहे ती, दोन्ही हातांना जन्मतः कमतरता घेऊन, आणि आपल्या देशात ह्या खेळाला पैसा किती मिळतो ते तू माझ्याहून चांगलं जाणतेस.

एक सुचवू? गणपती झाले की एका रविवारी सराव लवकर आटप आणि मुलींना बसव. आधी टोकियोची किमिया-नाहिदची फाइट दाखव, मग पॅरिसची. मध्ये काही बोलू नकोस. आधी फक्त खेळ पाहू दे: टोकियोत नाहिदचं अंतर कुठे चुकत होतं आणि पॅरिसला तिने ते कसं सावरलं, किमिया पुढचा पाय कुठे ठेवते. ते तू फार छान शिकवतेस. मग रेपेचेज समजावून सांग आणि विचार की पॅरिसला नाहिद उपांत्य फेरीत उतरली तेव्हा किमिया कुणाच्या बाजूने असेल. उत्तरं देऊ नकोस, त्यांच्याकडून येऊ दे. जी मुलगी पहिल्यांदा बोलेल ती काय म्हणाली, ते मला शब्दशः कळव. त्याची मला खरंच उत्सुकता आहे.

बाकी इकडे सगळं ठीक. पाऊस ह्या वर्षी भरपूर झाला, धरणं भरली. आईचे गुडघे तेवढे दुखतात, तरी गौरींचं सगळं स्वतःच करणार म्हणून हटून बसली आहे. तिने तुला आठवण सांगितली आहे आणि दिवाळीत ये म्हणाली आहे, वर्गाला सुट्टी असेलच. काकूंना माझा नमस्कार सांग. माझ्या ह्या पत्रावर तुला भांडायचं असेल तर भांड, पण फोनवर नको, लिहूनच पाठव.

तुझीच,
सुमा