लंगोटांच्या पार्सलबरोबर पाठवलेलं पत्र

फुरसुंगी

चि. अमोल यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

गाडी सुटताना डब्याच्या दारात उभा राहून तू सांगितलंस, "आई, डायपर बंद. लंगोट शिवून पाठव." तेव्हापासून मशीनवरच बसले आहे. पार्सलमध्ये तीस लंगोट आहेत, बारा दुपटी आणि दोन मेणकापडं. पांढरे लंगोट तुझ्या आप्पा आजोबांच्या धोतराचे. ते धुऊन धुऊन मऊ झालेलं कापड आहे, आधी तेच वापरा. फुलाफुलांचे माझ्या साड्यांचे. नाड्या मुद्दाम लांब ठेवल्या आहेत, छकुली आता अंग धरायला लागली. विहीणबाईंनी दिलेले ते टिचबटणांचे, आत गादी घालायचे, बाहेर जाताना वापरा. त्यांची एक गादी वाळायला आपल्या दोनपदरी लंगोटाच्या दुप्पट वेळ लागतो, म्हणून रोजच्याला ते नकोत.

तू हे ठरवलंस याचा मला अभिमान वाटला. हे आधीच लिहून टाकते, कारण पुढे माझं बोलणं कुठे जाईल ते मला माहीत आहे.

तुझ्या डोक्यात हे कुठून आलं ते कुणी मला सांगायला नको. उरुळीच्या कचरा डेपोचा वारा आपल्या दारावरून जायचा तेव्हा तू नाकाला रुमाल बांधून शाळेत जायचास. पावसाळ्यात ताटावर माश्या बसायच्या म्हणून आप्पा पंचाने वारा घालत तुला जेवू घालायचे. आपल्या विहिरीचं पाणी आधी पिवळट झालं, मग त्याला वास आला, आणि मग आपण टँकरवर आलो. २०१७ च्या उन्हाळ्यात डेपोला आग लागली, गावाने कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, तेव्हा तू नव्या नोकरीतून रजा टाकून आलास आणि आप्पांच्या शेजारी रस्त्यावर बसलास. आप्पा पुढे कितीतरी दिवस ते लोकांना सांगायचे. असं पोर स्वतःच्या लेकीसाठी डायपरचा ढीग कसा लावेल?

दिवसाला सहा धरले तरी वर्षाला दोन हजारांवर जातात. बाहेरून प्लॅस्टिक, आत लाकडाचा लगदा, आणि त्यात ते पांढरे दाणे, जे पाणी शोषून जेलीसारखे फुगतात. ते खत होणार नाही आणि भंगारवालाही घेणार नाही. कुणाच्या तरी गावाच्या वाऱ्याला जाऊन पडणार. आपलं गाव तसलं होतं, म्हणून मला ते डोळ्यांसमोर दिसतं.

पण अमोल, धुणार कोण?

हे मी स्टेशनवर विचारणार होते. गर्दी होती आणि प्राजक्ता शेजारी उभी होती, म्हणून गप्प बसले. तिच्यासमोर विचारलं असतं तर ती लगेच म्हणाली असती, "आई, मी धुवेन की." तिचा स्वभाव तसाच आहे.

तूच मला त्या इंग्लंडच्या सरकारी अभ्यासाचं सांगितलं होतंस, २००८ चा. अडीच वर्षांत एका बाळाच्या डायपरमागे सुमारे ५५० किलो कार्बन डायऑक्साइड, आणि कापडी लंगोट तिकडच्या सरासरी पद्धतीने धुतले तर ५७०. म्हणजे नुसतं कापड वापरलं म्हणून काही वाचत नाही. दोरीवर वाळवले, मशीन पूर्ण भरून लावलं, तेच लंगोट पुढच्या बाळालाही वापरले, तर चाळीस टक्क्यांनी कमी होतं. तू हे सांगत होतास तेव्हा मी पोळ्या लाटत होते, पण सगळं ऐकलं. मला त्यातून एवढंच कळलं की जो फायदा आहे तो धुण्यात आणि वाळवण्यात आहे. मग तो फायदा कुणाच्या मनगटातून यायचा, हे कापड शिवायच्या आधी ठरायला हवं.

धुण्याची पद्धत लिहून ठेवते, तू वाच. प्राजक्ताला वाचून दाखवू नकोस, तू वाच.

शी असेल तर ती आधी संडासात टाक आणि लंगोट गार पाण्याखाली धर. गरम पाणी आधी घातलं तर डाग बसतो. मग साबणाचं पाणी, चोळणं, आणि साबण पूर्ण जाईपर्यंत खळबळणं. साबण राहिला तर कातडी लाल होते. कपडे मऊ करायचं ते सुगंधी पाणी लंगोटाला लावू नको, त्याने कापड पाणी शोषत नाही. जंतुनाशकंही रोज ओतू नको. अंगावरच्या दुधाचा पिवळा डाग साबणाने गेला नाही तरी घासत बसायचं नाही, दोन उन्हं दाखवली की जातो. बंगळुरूला ऊन कमी पडलं तर बाल्कनीत दोन दोऱ्या बांध आणि पंख्याखाली वाळव. पण दमट लंगोट बाळाला बांधायचा नाही. हात लावून थंड लागला तर तो ओलाच समजायचा.

आणि पाणी. २०२४ च्या उन्हाळ्यात तुमच्या सोसायटीत टँकरची पाळी आली होती, तूच फोनवर सांगत होतास. कावेरीचं पाणी शंभर किलोमीटरवरून चढवून आणायचं आणि त्यात आपण लंगोट धुवायचे, याचाही विचार कर. शेवटचं खळबळलेलं पाणी बादलीत ठेव, दुसऱ्या दिवशी पहिल्या धुण्याला चालतं.

तुझ्या वेळेला हे सगळं विहिरीवर व्हायचं. तू थंडीतला. तुझे बाबा तुला मांडीवर घ्यायलाही घाबरायचे, सासूबाई आजारी, आणि मला विटाळ संपेपर्यंत विहिरीकडे जायची मुभा नव्हती. तेव्हा लंगोट कोण धुवायचं, तुला माहीत आहे का? आप्पा. गावात कुणाला कधी कळलं नाही. ते काकड्याच्या वेळी उठायचे, पोहरा सोडून पाणी शेंदायचे, अभंग म्हणत म्हणत लंगोट धुवायचे आणि उजाडायच्या आत मागच्या तारेवर टाकायचे. मी खोलीतून ऐकायची. कुणी पाहिलं असतं तर काय म्हटलं असतं याची मला भीती वाटायची. त्यांना वाटत नसणार. एकदा मी म्हटलं, "मामंजी, राहू द्या." ते म्हणाले, "पोरी, माउलीच्या वाटेवर लोकांची उष्टी काढतो, ती काय वेगळी?" आणि बादली उचलून गेले. त्याच धोतराचे लंगोट मी आता पाठवते आहे. दरवर्षी पालखी दिवेघाट चढायची तेव्हा ते धोतर त्यांच्या अंगावर असायचं.

ती विहीर आता बुजवायला काढली आहे. तुला सांगायचं राहून गेलं होतं.

मी इतकी वर्षं अंगणवाडीत काढली, शेकडो पोरं वजनकाट्यावर घातली. लंगोटाची एक गोष्ट मला फार आवडते, आणि ती कुणी सांगत नाही. बाळ दिवसातून किती वेळा ओलं झालं ते लंगोटात कळतं. चोवीस तासांत निदान सहा वेळा तरी झालं तर दूध पुरतंय. नव्या आईला "माझं दूध पुरत नाही" ही धास्ती असते. मी तिला लंगोट मोजायला लावायची, आणि बाई अर्ध्या दिवसात शांत व्हायची. जाड डायपरात ते कळत नाही. प्राजक्तालाही ती धास्ती आहे. मला बोलली नाही, पण पाजून झालं की ती बाळाचे ओठ बघत बसते. तेव्हा मोज, आणि तिला आकडा सांग.

डायपर कोरडं ठेवतं, हेही खरं आहे. ओला लंगोट तासभर तसाच राहिला तर कापडानेही पुरळ उठतं. ओला झाला की बदलायचा, रात्रीसुद्धा. पावडर अजिबात नको, ती श्वासात जाते. दिवसातून थोडा वेळ मेणकापडावर उघडंच खेळू दे. जांघेच्या वळ्यांत लाल होऊन बाजूला बारीक पुळ्या दिसल्या तर घरचे उपाय न करता डॉक्टरांना दाखव.

आता हे रात्रीचं. तुझी रजा संपली. सकाळी तू ऑफिसला जाणार. प्राजक्ताची सव्वीस आठवड्यांची रजा, म्हणजे ती घरी आहे, म्हणजे सगळ्यांना वाटणार की लंगोट तिचेच. तिच्या पोटाचे टाके अजून ओढतात. वाकून बादली उचलायची नाही असं डॉक्टर म्हणाले तेव्हा मी समोर होते. साताऱ्याहून आल्यापासून ती पूर्वीसारखी हसत नाही. स्टेशनवर बाळ माझ्याकडे दिलं आणि खांबाला टेकून उभी राहिली, कुणाकडे बघत नव्हती. बाळंतिणीला पहिले पंधरा दिवस रडू येतं, ते मी खूप पाहिलं आहे, ते जातं. हिला आता तीन महिने होत आले. झोप नीट लागत नसेल, बाळाकडे बघूनही बरं वाटत नसेल, तर "दमली असेल" म्हणून सोडू नको. डॉक्टरकडे घेऊन जा. ही लाजायची गोष्ट नाही.

बघ, लंगोटाचं लिहायला बसले आणि कुठे आले. तुला वाटेल आई आपल्याला नवरा म्हणून नालायक समजते. तसं नाही रे. तू बाळाला मांडीवर आंघोळ घालायला शिकलास, मालिशवाल्या मावशींनी तुझी सगळ्या गल्लीत स्तुती केली, मला केवढं बरं वाटलं. रागावू नको. पण एक सांगतेच. पृथ्वीसाठी म्हणून घरात काही चांगलं करायचं ठरलं की त्याचं काम गुपचूप बाईकडे जातं. प्लॅस्टिक नको म्हटलं की पिशव्या ती शिवते, ओला-सुका वेगळा म्हटलं की डबे ती धुते. ठरवणाऱ्याचं नाव होतं. हे मी बाहेरच्यांच्या घरी पाहिलं आहे, ते तुझ्या घरात मला नको.

म्हणून माझं म्हणणं असं. लंगोट तू धुवायचे. सकाळी ऑफिसच्या आधी आणि रात्री आल्यावर. दिवसभरातले ओले ती बादलीत टाकेल, तेवढंच. तुझ्याच्याने झालं नाही तर ज्या ताई घरकामाला येतात त्यांना वेगळे पैसे देऊन विचार, आणि त्या नको म्हणाल्या तर त्यांनाही जबरदस्ती नको. तेही जमलं नाही, तर रात्रीला आणि प्रवासाला डायपर आणा. अरे हो, आणा. फुरसुंगीची बाई हे लिहिते आहे. रात्रीचा एक डायपर वर्षाला साडेतीनशे होतात, दोन हजार होत नाहीत, आणि त्या एका डायपरमागे ती चार तास सलग झोपत असेल तर मला तो चालेल. वापरलेला मात्र गुंडाळून टाक. पुण्यात 'स्वच्छ'च्या कचरावेचक ताई सांगतात, कागदात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा, म्हणजे उघडायच्या आधी कळतं आत काय आहे. २०१६ च्या घनकचऱ्याच्या नियमांत तर कंपनीनेच पाकिटाबरोबर पिशवी द्यायची असं होतं, मिळाली नाही तर वर्तमानपत्र आहेच. तुमच्याकडे तो लाल डबा वेगळा असतो, त्यातच टाक. शेवटी ते कुणीतरी हाताने उचलणार.

तुझे बाबा म्हणतात मी उगाच काळजी करते, तुम्ही दोघं शिकलेले आहात. शिकलेलेच आहात. तरी फोन केलास की "सगळं ठीक" म्हणू नको. आज लंगोट कुणी धुतले ते सांग.

सौ. प्राजक्ताला अनेक आशीर्वाद. डिंकाचे लाडू दुपट्यांच्या घडीत ठेवले आहेत, रोज एक खायला लाव. छकुलीला गोड पापा.

तुझी,
आई

ता. क. लंगोट भिजवायला झाकणाची बादली घे. भरलेली उघडी बादली जमिनीवर कधी ठेवायची नाही, पोर रांगायला लागलं की डोकं खाली घालून त्यात पडतं. अंगणवाडीत आम्ही हे प्रत्येक आईला सांगायचो, बापांना सांगायचं कुणाला सुचलं नाही. झाकण घट्ट बसतं का ते दुकानातच बघ.