रविवारच्या पहाटेची लढत बघण्याआधी

नागपूर, १४ मे २०२४

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तुला मेसची घाई होती, म्हणून लिहायला बसले. फोनवर मी बोलायला लागले की तू "हो आई, हो आई" म्हणतोस आणि विषय संपतो. पत्र तरी शेवटपर्यंत वाचशील.

रविवारी पहाटे हॉस्टेलवर सगळे मिळून फ्युरी आणि उसिकची बॉक्सिंगची लढत बघणार आहात, ते चांगलंच आहे. इकडे आम्हीही उठणार आहोत. बाबांनी गजर लावायचं काम स्वतःकडे घेतलंय. नोव्हेंबर १९९९ मध्ये लेनॉक्स लुईसने होलिफिल्डला हरवलं, तेव्हापासून हेवीवेटचे, म्हणजे सगळ्यात वजनदार गटाचे, जगज्जेतेपदाचे सगळे पट्टे एका माणसाच्या कमरेला कधी आलेच नाहीत. तू जन्मायच्या आधीची गोष्ट. आणि आता रियाधमध्ये समोरासमोर येणारे दोघेही व्यावसायिक रिंगणात एकदाही न हरलेले. टायसन फ्युरीच्या पस्तीस लढतींत चौतीस विजय आणि अमेरिकेच्या डिऑन्टे वाइल्डरशी एक बरोबरी. ओलेक्सांद्र उसिकच्या एकवीसपैकी एकवीस. असा योग पुन्हा कधी येईल सांगता येत नाही.

बाबा म्हणतात फ्युरी जिंकेल. सहा फूट नऊ इंच उंची, सव्वाशे किलोच्या आसपास वजन, आणि एवढा मोठा माणूस इतका हलका नाचतो, हे त्यांना अजून खरं वाटत नाही. समोरच्याच्या अंगावर रेलून त्याला दमवायची त्याची सवय उसिकला जड जाईल, असं त्यांचं म्हणणं. मला मात्र उसिक जिंकेल असं वाटतं. तो डावखुरा आहे, लंडन ऑलिम्पिकचा सुवर्णविजेता आहे, २०१८ मध्ये मॉस्कोला जाऊन क्रूझरवेटचे, म्हणजे हेवीवेटच्या खालच्या गटाचे, सगळे पट्टे घेऊन आलेला आहे. पण माझं कारण वेगळं आहे. त्याचे पाय बघ. ठोसा मारला की तो त्या जागी थांबतच नाही, बाजूला सरकलेला असतो. तीन इंच बुटका असूनही ब्रिटनच्या अँथनी जोशुआला त्याने दोनदा हरवलं ते यामुळे. मार न खाता जिंकायची कला मला या खेळात सगळ्यात मोठी वाटते आणि ती त्याच्याकडे आहे. फेब्रुवारीतच ही लढत व्हायची होती. सरावात फ्युरीच्या उजव्या डोळ्यावर खोक पडली म्हणून पुढे गेली. ती जागा पुन्हा फुटली तर काय होईल, हाही प्रश्न आहेच.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

काल तू म्हणालास, "आई, मीपण यंदा एकही हरलो नाहीये." तुझ्या आवाजातला आनंद ऐकून मलाही बरं वाटलं. पण त्याच वाक्याला जोडून तू सहज बोलून गेलास, की स्पारिंगमध्ये, म्हणजे सरावाच्या लढतीत, एक जोरदार ठोसा बसला होता, दोन दिवस डोकं जड होतं, पण सरांना सांगितलं नाही, नाहीतर पुढच्या महिन्याच्या स्पर्धेतून काढलं असतं. तू विसरलासही असशील. मी रात्रपाळीत तेच वाक्य घेऊन वॉर्डात फिरत होते.

मी न्यूरोच्या वॉर्डात किती वर्षं काढली हे तुला माहीत आहे. तिथे येणारे बहुतेक पेशंट मोटरसायकलवरून पडलेले असतात, बॉक्सर नसतात. पण मार कशाने बसला हे मेंदूला कळत नाही, बसला एवढंच कळतं. कवटीच्या आत मेंदू घट्ट दह्यासारखा असतो. पातेल्याला हिसका बसला की दही काठावर आपटतं आणि तडकतं. हनुवटीवर किंवा कानशिलावर बाजूने ठोसा बसला की डोकं गर्रकन फिरतं, मेंदू मात्र मागे राहतो. मेंदूच्या पृष्ठभागापासून वरच्या आवरणाकडे जाणाऱ्या बारीक शिरा या ओढाताणीत तुटतात. मग रक्त साचायला लागतं, आणि कवटीला फुगायला जागा नाही. सगळ्यात वाईट हे, की सुरुवातीला माणूस चालतो, बोलतो, पाणी पितो, "मी ठीक आहे" म्हणतो. आमच्याकडे असे पेशंट येतात, घरचे सांगतात, "सिस्टर, आत्तापर्यंत नीट बोलत होता." मग उलटी होते, एका डोळ्याची बाहुली मोठी होते आणि तिथून पुढे एकेक मिनिट मोजावं लागतं.

मागोमेद अब्दुसलामोव हे नाव तुमच्या हॉस्टेलवर कुणाला माहीत आहे का, विचार. दागेस्तानचा हेवीवेट. अठरा लढती, अठराच्या अठरा नॉकआउटने जिंकलेल्या. २ नोव्हेंबर २०१३ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तो क्युबाच्या माइक पेरेझसमोर उभा राहिला. पेरेझही तोवर अपराजित. म्हणजे अगदी रविवारसारखीच जोडी, फक्त नावं लहान. पहिल्याच राउंडमध्ये मागोमेदच्या चेहऱ्याला मार बसला आणि तो पुन्हापुन्हा गालाला, नाकाला हात लावत राहिला. तरी दहाच्या दहा राउंड उभा राहिला. एकदाही पडला नाही. पॉइंट्सवर हरला. लोकांनी दोघांसाठी टाळ्या वाजवल्या.

नंतर ड्रेसिंगरूममध्ये डॉक्टरांनी तपासलं, खोकेला टाके घातले. अ‍ॅम्ब्युलन्सने कुणी नेलं नाही. घरच्या माणसांनी रस्त्यावर येऊन टॅक्सी शोधली. तिथे त्याला उलटी झाली. दवाखान्यात पोचल्यावर मेंदूतली रक्ताची गाठ दिसली, शस्त्रक्रिया झाली, तो कोमात गेला. जगला, पण शरीराची एक बाजू गेली, बोलणं जवळजवळ गेलं. घरी बायको आणि तीन लहान मुली होत्या. पुढे न्यूयॉर्क राज्याने त्या कुटुंबाला दोन कोटी वीस लाख डॉलर देऊन दावा मिटवला. पैसे मिळाले हे बरंच झालं, तेवढी शुश्रूषा फुकट होत नाही. पण मी नर्स म्हणून तुला सांगते, अशा माणसाला दिवसातून किती वेळा कुशीवर वळवावं लागतं आणि ते कोण करतं, याचा हिशेब कुठल्याच रकमेत बसत नाही. ते त्याची बायको करते.

मला त्या रात्रीत सगळ्यात जास्त काय खुपतं माहीत आहे? तो पडला असता तर वाचला असता, असं मला राहून राहून वाटतं. पडला असता तर रेफरीने मोजलं असतं, कदाचित थांबवलं असतं. न पडणं हा त्याचा गुण होता आणि त्या रात्री कुणालाच त्याला थांबवायचं कारण सापडलं नाही.

दुसरी गोष्ट २०१९ च्या जुलैमधली, अमेरिकेत मेरीलँडची. मॅक्सिम दादाशेव, वय अठ्ठावीस, तेरापैकी तेरा जिंकलेला. समोर सुब्रिएल मातियास, तोही अपराजित. अकराव्या राउंडनंतर मॅक्सिमचा कोच बडी मॅकगर्ट स्टुलासमोर वाकून सांगत होता, की मी आता थांबवतो, तुला फार मार बसतोय. मॅक्सिम मान हलवून नको म्हणत होता. मॅकगर्टने ऐकलं नाही, रेफरीला सांगून लढत थांबवली. ड्रेसिंगरूमपर्यंतही मॅक्सिम चालत जाऊ शकला नाही. चार दिवसांनी गेला. कोचने बरोबर केलं होतं आणि तरी उशीर झाला होता. त्या स्टुलावर बसलेल्या मुलाचं हलणारं डोकं मला विसरता येत नाही, कारण तुझंही तसंच हलेल हे मला पक्कं माहीत आहे. जो आतून डगमगलेला आहे त्यालाच आपण विचारतो की थांबायचं का. त्याचं उत्तर ठरलेलं असतं.

आणि थांबवणाऱ्याचं काय होतं तेही बघ. २०२० च्या फेब्रुवारीत फ्युरीने वाइल्डरला धुतलं, सातव्या राउंडमध्ये त्याच्या कानातून रक्त येत होतं, तेव्हा वाइल्डरच्याच कॉर्नरमधल्या मार्क ब्रेलंडने लढत थांबवायला टॉवेल टाकला. ब्रेलंड स्वतः ऑलिम्पिक सुवर्णविजेता, त्याला कळत होतं काय चाललंय. वाइल्डरने पुढे त्यालाच काढून टाकलं. मग तिसरी लढत झाली, वाइल्डर तीनदा पडला, फ्युरी दोनदा पडला, अकराव्या राउंडला संपली. तुम्ही मुलं तिला महान लढत म्हणता. फ्युरीची हिंमत मलाही दिसते. पण २०१८ च्या बरोबरीतलं पडणं धरून वाइल्डरने त्याला एकूण चार वेळा खाली पाडलंय, आणि गेल्या ऑक्टोबरात एन्गानूने, जो पहिल्यांदाच व्यावसायिक बॉक्सिंगची लढत खेळत होता, त्यानेही पाडलं. पराभवाच्या रकान्यात शून्यच आहे. मेंदू तो रकाना वाचत नाही.

खेळ बदललाच नाही असं मी म्हणत नाही. १९८२ मध्ये कोरियाचा किम डुक-कू चौदाव्या राउंडला पडला आणि काही दिवसांत गेला, त्यानंतर पंधरा राउंडच्या बारा झाल्या. १९९१ मध्ये लंडनला मायकेल वॉटसन युबँकशी लढताना कोसळला, तेव्हा रिंगशेजारी त्याला वेळेत सांभाळणारं कुणी तयार नव्हतं. तो कोर्टात गेला, ब्रिटिश बॉक्सिंग बोर्ड हरलं आणि रिंगशेजारच्या वैद्यकीय व्यवस्थेकडे बघण्याची नजर बदलली. वॉटसन पुन्हा चालायला शिकला आणि २००३ ची लंडन मॅरेथॉन त्याने सहा दिवस चालून पूर्ण केली. वॉटसनची ती लढत झाली ते जुनं मैदान पाडून तिथेच नवं स्टेडियम उभं राहिलं आणि तिथेच २०२१ मध्ये उसिकने जोशुआला हरवलं. हे मला वाचताना कळलं तेव्हा अंगावर काटा आला.

म्हातारपणाचं मी फार लिहीत नाही. मुहम्मद अलीचे थरथरणारे हात तू व्हिडिओत पाहिलेत. त्याचं पार्किन्सन्स नेमकं ठोशांमुळे का, यावर डॉक्टरांत एकमत नाही. पण जेरी क्वारी त्याच्याशी दोनदा लढला आणि पन्नाशीत त्याला स्वतःचं जेवण जेवता येईना. त्रेपन्नाव्या वर्षी गेला. वारंवार मार खाल्लेले बॉक्सर पुढे अडखळतात, विसरतात, हे अमेरिकेतल्या मार्टलँड नावाच्या डॉक्टरने १९२८ मध्येच लिहून ठेवलंय. आणि हा मार फक्त स्पर्धेतला नसतो. रोजच्या स्पारिंगमधला कुणी मोजतच नाही.

बॉक्सिंग सोड असं मी तुला सांगणार नाही. रिंगमध्ये तू किती जिवंत असतोस ते मी पाहिलंय. आपल्या नागपूरच्याच अल्फिया पठाणने २०२१ मध्ये युवा जागतिक स्पर्धेत सुवर्ण जिंकलं तेव्हा मी वॉर्डात पेढे वाटले होते, आठवतं ना? टोकियो ऑलिम्पिकमध्ये आपला सतीश कुमार तेरा टाके घेऊन उझबेकिस्तानच्या जालोलोवसमोर उतरला तेव्हाही मी टीव्हीसमोर होते. घरच्यांनी त्याला लढू नकोस म्हटलं होतं, हे त्याने नंतर सांगितलं. मला त्या घरच्यांचं दुःख कळतं. तरी त्याचे टाके सगळ्यांना दिसत होते, डॉक्टरांनी बघून परवानगी दिली होती. तुझं जड डोकं कुणालाच दिसलं नाही, कारण तू ते लपवलंस.

यंदापासून तू मोठ्यांच्या गटात आलास आणि तुझं हेडगार्ड गेलं. २०१३ पासून पुरुषांच्या मोठ्या गटात ते नाहीच. हेडगार्डने खोका वाचतात, आत मेंदू हलायचा थांबत नाही, हे खरं आहे, त्यामुळे त्याचं मला एवढं वाटत नाही. ग्लोव्हजचंही तसंच, ते मुळात हाताची हाडं वाचवतात. तुझं खरं संरक्षण तुझ्या सरांचे डोळे आहेत, आणि त्यांना तू अर्धंच सांगतोस.

म्हणून रविवारची लढत बघून झाली की सोमवारी सरांकडे जा. त्या ठोशाबद्दल सगळं सांग, दोन दिवस डोकं जड होतं तेही. त्यांनी डॉक्टरांकडे पाठवलं तर जा, सीटी काढायला सांगितला तर काढ, पैसे मी पाठवते. डॉक्टर मोकळं करेपर्यंत स्पारिंग बंद. डोक्याला मार बसून नॉकआउट झालेल्याला नियमाने किमान तीस दिवस बाहेर बसवतात. तू पडला नाहीस म्हणून तुझा मेंदू वेगळा ठरत नाही. पुढच्या महिन्याची स्पर्धा गेली तर जाऊ दे, मी स्वतः येऊन तुला घरी घेऊन जाईन.

आणि अजून एक. सरांना माझ्यादेखत सांग, की टॉवेल टाकायचा निर्णय त्यांचा, तुला विचारायची गरज नाही, आणि टाकला तर तू त्यांच्याशी भांडणार नाहीस. हे आत्ता, डोकं ताळ्यावर असताना ठरवायचं. सोमवारी संध्याकाळी माझी ड्युटी नाही. तुम्ही दोघं एकत्र असाल तेव्हा व्हिडिओ कॉल कर. कधीही कर, मी फोनजवळच असेन.

रात्री कूलरसमोर झोपत जाऊ नकोस. चादर बॅगेच्या तळाशी आहे.

तुझी,
आई