नेट बंद झालं, पैसे कटतच राहिले

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अंबाजोगाईत आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी अभ्यासिका चालवते. छत्तीस मुलं-मुली बसतात. कुणी पोलीस भरतीची तयारी करतं, कुणी एमपीएससीची, काहीजणी नर्सिंगच्या आहेत. महिन्याच्या फीमध्ये टेबल-खुर्ची, पिण्याचं पाणी आणि वायफाय येतं. मुलांची लेक्चर, टेस्ट सिरीज सगळं फोनवर, त्यामुळे नेट गेलं की दुपारपर्यंत अर्धी अभ्यासिका रिकामी होते. नेटची कंपनी बदलताना आणि तिचं बिल बँकेतून परस्पर जात असताना मला जे सोसावं लागलं, ते आपल्या दैनिकातून लोकांपुढे यावं म्हणून हे पत्र.

उन्हाळ्यात आमच्या गल्लीत नालीचं काम निघालं. जेसीबीनं खोदताना फायबरची केबल तुटली. भिंतीवरच्या डब्यावर लाल दिवा लागला तो नऊ दिवस तसाच. पहिल्या दिवशी एक मुलगी धावत खाली आली, "काकू, पेपर सबमिट व्हईना बघा," म्हणाली आणि जिन्यातच बसून रडायला लागली. माझ्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर तिचा पेपर कसाबसा गेला. रोज फोन केला की एकच उत्तर, आज संध्याकाळपर्यंत होऊन जाईल. दहाव्या दिवशी मी दुसऱ्या कंपनीची जोडणी घेतली.

ती यायला एक दुपार पुरली. दोन पोरं आली, खांबावरून वायर ओढली, एकानं गच्चीच्या सावलीत बसून केसाएवढी बारीक काचेची तार छोट्या मशीनमध्ये धरून जोडली आणि हिरवा दिवा लागला. मुलांनी वर टाळ्या वाजवल्या. जुनी जोडणी आता बंद करायची, एवढंच काम उरलंय असं मला वाटलं.

जुन्या कंपनीच्या ॲपमध्ये प्लॅन वाढवायचं बटण पहिल्याच पानावर आहे. बंद करायचं कुठेच सापडलं नाही. फोन केला तर म्हणाले, नोंदवलेल्या नंबरवर ओटीपी येईल तो सांगा. ओटीपी आलाच नाही. तीन फोन झाल्यावर कळलं की माझ्या जोडणीवर माझा नंबर नाहीच. दोन वर्षांपूर्वी जोडणी द्यायला आलेल्या पोरानं घाईत स्वतःचाच मोबाइल नंबर टाकून दिला होता. तो आता काम सोडून चाकणला कारखान्यात लागलाय. घर माझं, बिल माझ्या खात्यातून, आणि बंद करायचा ओटीपी चाकणला! बिचाऱ्यानं माझा फोन उचलला, पण तो जुना नंबर त्यानं केव्हाच बंद केला होता. नंबर बदलून घ्यायला आधार आणि जुनं बिल देऊन आठ दिवस गेले. आपल्याकडच्या छोट्या शहरांत जोडण्या स्थानिक केबलवाल्यांच्या हातूनच होतात. माझी सगळ्यांना विनंती आहे की आपल्या नेटच्या खात्यावर कुणाचा नंबर आहे हे आजच पाहून घ्या.

पुढे डबा आणि राउटर मी स्वतः त्यांच्या ऑफिसात नेऊन दिला. तिथल्या माणसानं तो टेबलाखाली सरकवला आणि म्हणाला, "ताई, झालं बंद. आता काही करायची गरज नाही." पावती मागितली तर म्हणाला, सिस्टीमला दिसतंय. मी विश्वास ठेवून घरी आले.

प्लॅन ९९९ रुपयांचा, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे महिन्याला सुमारे १,१७९ रुपये. पुढच्या महिन्याच्या ५ तारखेला ते कटले. त्याच्या पुढच्या महिन्यात कटले. तिसऱ्यांदाही कटले. मी जमाखर्चाची वही ठेवते, पण नेटचा आकडा दर महिन्याला असतोच आणि नव्या कंपनीचेही त्याच आठवड्यात जात होते, म्हणून डोळ्याला खुपलं नाही. लाइट बिल भरायला खात्यात पैसे कमी पडले तेव्हा स्टेटमेंट काढलं. ३,५३७ रुपये एका अशा जोडणीचे गेले होते जिचा डबा माझ्या घरात नव्हता.

बँकेत गेले. तिथल्या बाईंनी शांतपणे समजावून सांगितलं आणि त्यांचं म्हणणं नियमाला धरूनच होतं. ग्राहकाची चूक नसताना तिसऱ्याच कुणी पैसे काढले असतील आणि तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाचं नुकसान होऊ द्यायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम आहे. पण माझे पैसे कुणी चोरलेले नव्हते. दोन वर्षांपूर्वी मीच यूपीआय ऑटोपेला, म्हणजे दर महिन्याला पैसे आपोआप कटण्याच्या सोयीला, मंजुरी देऊन पिन टाकला होता आणि ती मंजुरी जिवंत होती. १५,००० रुपयांपर्यंतच्या अशा दरमहा कपातीला दर वेळी पिन लागत नाही. जोडणी बंद होणं आणि मंजुरी रद्द होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला तोवर माहीतच नव्हतं. कंपनीच्या ऑफिसातही ते कुणी सांगितलं नाही.

पैसे कटण्याच्या किमान चोवीस तास आधी ग्राहकाला कळवायचं, असाही नियम आहे. मेसेज आले होते, हे मी मान्य करते. नंतर शोधले तेव्हा सापडले. पण ते इंग्रजीत होते आणि लोन घ्या, प्लॉट घ्या असल्या पंचवीस मेसेजच्या मध्ये पडले होते. मी निदान इंग्रजी वाचू शकते. माझ्या सासूबाईंच्या खात्यावर निराधारचे पैसे येतात, त्यांना असा मेसेज आला तर त्या काय करतील? मराठवाड्यातल्या खातेदाराला पैसे जाण्याआधीचा इशारा मराठीत मिळाला पाहिजे, ही मागणी मी अगदी आग्रहानं करते.

मंजुरी रद्द करायचं काम अभ्यासिकेतल्या एका मुलीनं मला शिकवलं. ज्या ॲपवरून मंजुरी दिली ते उघडायचं, आपल्या प्रोफाइलमध्ये ऑटोपे शोधायचं, चालू मंजुऱ्यांची यादी येते, नको ती रद्द करून पिन टाकायचा. अर्धं मिनिट लागलं. त्याच यादीत आणखी एक मंजुरी निघाली, दोन रुपयांत ट्रायल म्हणून माझ्या धाकट्यानं कधीतरी घेतलेल्या ॲपची. तीही लगेच काढली.

गेलेल्या पैशांसाठी मी कंपनीकडे रीतसर तक्रार केली. दूरसंचार नियामकाच्या, म्हणजे ट्रायच्या, २०१२ च्या नियमांप्रमाणे तक्रारीला डॉकेट नंबर, म्हणजे नोंदीचा क्रमांक, द्यावा लागतो आणि तिथे समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. आधीचे माझे सगळे फोन वाया गेले, कारण मी नंबर मागितला नव्हता. या वेळी मागितला, लिहून ठेवला, अपील ईमेलनं केलं. दोन महिन्यांचे पैसे परत आले. पहिल्या महिन्याचे नोटीसच्या मुदतीचे म्हणून कापले, आणि डब्याची अनामत रक्कम अजून आलेली नाही.

या धावपळीत आणखी एक धोका समोर आला. कंपनीचा नंबर मी गुगलवर शोधून लावला, आणि थोड्याच वेळात एका माणसाचा फोन आला की तुमचा रिफंड अडकलाय, क्यूआर पाठवतो, स्कॅन करून पिन टाका. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, एवढं माहीत असल्यामुळे मी वाचले. नंबर नेहमी बिलावरचाच लावावा. आणि पैसे गेलेच तर त्याच क्षणी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर कळवावं.

आता माझं मुख्य म्हणणं. मोबाइलची कंपनी बदलायची तर २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर पोर्ट करता येतो. १९०० वर मेसेज पाठवला, नव्या कंपनीकडे गेलं की जुनीशी भांडायची वेळ येत नाही, तिची सेवा आपोआप सुटते. घरच्या फायबरला असं काही नाही. नवी कंपनी येते आणि जुनी आपल्या मंजुरीला धरून तशीच बसून राहते. तेव्हा ज्या दिवशी डबा परत घेतला त्याच दिवशी ऑटोपेची मंजुरी रद्द करणं कंपनीवर बंधनकारक करावं. डबा घेतल्याची आणि जोडणी बंद झाल्याची तारीख घातलेली पावती ऑफिसातच हातात द्यावी. जोडणी घ्यायचं बटण जिथे आहे तिथेच बंद करायचंही असावं. यातल्या एकाही गोष्टीला नवं यंत्र लागत नाही.

मी स्वतः आता नेटचं बिल ऑटोपेवर ठेवत नाही. बँकेच्या ॲपमध्ये भारत कनेक्टचं चिन्ह असलेली बिल भरण्याची सोय आहे, पूर्वी तिला भारत बिल पेमेंट म्हणत. ग्राहक क्रमांक टाकला की बिलाचा आकडा आधी दिसतो, मग मी भरते आणि वहीत लिहिते. ज्यांना तारीख लक्षात राहत नाही त्यांनी ऑटोपे जरूर ठेवावा, पण महिन्यातून एकदा ती यादी उघडून बघावी.

मंजुरी कशी काढायची हे मी एका कागदावर मराठीत मोठ्या अक्षरात लिहून अभ्यासिकेच्या फळ्याशेजारी लावलं आहे. मुलं त्याचा फोटो काढून घरी पाठवतात. परवा घाटनांदूरहून एका मुलाचे वडील फी द्यायला आले होते. त्यांनी तो कागद वाचला आणि फोन माझ्यासमोर धरला, "ताई, माझं पण बघा की." यादीत तीन मंजुऱ्या निघाल्या. त्यातली एक गेल्या दिवाळीत बंद केलेल्या नेटची होती.

आपली,
अभ्यासिका चालवणारी एक वाचक,
अंबाजोगाई, जि. बीड