आधी अर्थिंग, मग मशीन

महोदय,

दिवाळीच्या सुमारास आपल्या रविवार पुरवणीत महागड्या हेडफोनवर एक लेख आला होता. फोटो झकास होते, किमतीही होत्या. पण माझ्यासारख्याने तसला हेडफोन घ्यावा की नाही, हे काही त्यातून कळलं नाही. मी अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका खेड्यात ३१ वर्षांपासून माइक-लाउडस्पीकरचा धंदा करतो. लग्नं, मंडई म्हणजे आमच्याकडची गावजत्रा, शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत, आणि दिवाळी ते होळी झाडीपट्टीची, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भाकडची, नाटकं. नाटक रात्री सुरू होते ते उजाडेस्तोवर चालते, आणि मी त्या वेळभर मिक्सरवर. त्यामुळे चार शब्द लिहायचं धाडस करतो.

पुण्यात नोकरीला असलेला पुतण्या यंदा दिवाळीला आला तो ३८ हजारांचा हेडफोन आणि २२ हजारांचं हेडफोनचं अ‍ॅम्प्लिफायर घेऊन. आम्ही माइकवाले अ‍ॅम्प्लिफायरला मशीनच म्हणतो. साठ हजार! साध्या धानाचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये. म्हणजे पंचवीस क्विंटलांच्या वर धान पोरगं डोक्यावर घेऊन बसलं होतं. वर मला म्हणते, "काका, तुम्हीबी घ्या न एक. कॅसेटा ऐकाले कामात येते."

कॅसेटांचं खरं आहे. वडिलांच्या भजनमंडळाच्या खंजिरी भजनांच्या चौदा कॅसेट माझ्याकडे आहेत. १९९४ च्या, धंद्याच्या पहिल्याच वर्षी मीच भरलेल्या. त्या कॉम्प्युटरवर उतरवायचं काम दोन वर्षांपासून रेंगाळलं आहे. धान विकल्याचे चुकारे जमा झाले होते, मन थोडं चळलंही.

पण त्याचं मशीन आमच्या घरी लावलं आणि कानात घूं सुरू. लॅपटॉपचा चार्जर काढला की बंद, लावला की पुन्हा घूं. पोराचा चेहरा उतरला, त्याला वाटलं माल खराब निघाला. आमच्याकडे बोर्डाला तीन भोकं असतात, पण तिसऱ्याच्या, म्हणजे अर्थिंगच्या भोकामागे वायर असेलच असं नाही. मागच्या आवारात खड्डा खणला, कोळसा-मीठ घालून रॉड पुरला, वायर आणून जोडली. घूं गेलं. खर्च त्याच्या मशीनच्या किमतीपुढे किरकोळ. शिवाय फ्रीजला हात लावला की बसणारा झटकाही गेला, त्याबद्दल घरून मला जास्त शाबासकी मिळाली.

मग म्हटलं, आता परीक्षा घेऊ. एका बाजूला त्याचं मशीन, दुसऱ्या बाजूला मोबाइलला लावायची हजारएक रुपयांची बोटभर वायर, जिच्या टोकात छोटासा डॅक, म्हणजे मोबाइलमधल्या आकड्यांचा आवाज करणारा तुकडा, असतो. हेडफोन दोन्हीकडे तोच. यात मुख्य खुबी आवाज सारखा करण्याची. एक जरासा मोठा असला तरी कान त्यालाच चांगला म्हणतो. दुकानदार हे आपल्यापेक्षा पक्कं जाणतात. मी १०० हर्ट्झचा सूर लावून मल्टिमीटरने दोन्हीकडचे व्होल्ट जुळवले. साधा मल्टिमीटर घरच्या ५० हर्ट्झच्या विजेसाठी असतो, वरच्या सुरांना तो खोटं बोलतो, म्हणून सूर खालचाच घेतला. पोराच्या डोळ्यांवर दुपट्टा बांधला. पिन मी बदलायची, कोणतं मशीन ते त्यानं सांगायचं, सुनेनं वहीत टिक मारायची. सोळा वेळा केलं. नुसता अंदाज ठोकला तरी सोळातली आठच्या आसपास बरोबर येतात. बारा आली असती तर मी मानलं असतं. आली नऊ. "कपडा घट्ट बांधला काका, कान दबले," म्हणाला. सैल करून पुन्हा सोळा. आली सात.

याचं कारण डब्यावरच लिहिलेलं होतं. हेडफोन ३२ ओहमचा. ओहम म्हणजे विजेला होणारा अडथळा, तो जास्त असला की व्होल्ट जास्त लागतात. एक मिलिवॅटला १०० डेसिबल देणारा ३२ ओहमचा हेडफोन असेल आणि मोबाइलच्या वायरीतून एक व्होल्ट निघत असेल, तर ३१ मिलिवॅट मिळतात, म्हणजे ११५ डेसिबल. एवढ्यात माणूस हेडफोन काढून फेकेल. मशीन लागते ते ३०० ओहमसारख्या हेडफोनला. त्यातही हिशोब मांडला तर ९७ डेसिबलचा ३०० ओहमवाला एका व्होल्टवर १०२ पर्यंत जातोच. फार हळू भरलेलं संगीत ऐकणाऱ्याला कमी पडेल, बाकीच्यांना नाही. आम्ही भोंग्याचं युनिट १६ ओहमचं की ८ चं ते बघितल्याशिवाय मशीनला वायर जोडत नाही. साठ हजार मोजणारा माणूस मात्र ओहम विचारत नाही, याचं मला अजून नवल वाटते.

हेडफोनची गोष्ट वेगळी, तिथं फरक आहेच. माझा दोन हजारांचा आणि त्याचा ३८ हजारांचा, आलटून पालटून लावले की लहान पोरगंही सांगेल. फक्त इथं दुपट्ट्याचा उपयोग नाही, वजन आणि गादीवरूनच डोक्याला कळते महाग कोणता. आणि वेगळा म्हणजे चांगलाच, असंही नाही. जेरोन ब्रेबार्ट नावाच्या संशोधकाने २८३ हेडफोनांची मोजमापं तपासून २०१७ साली लिहिलं की कोणता सूर किती उचलायचा याचा आणि किमतीचा काही संबंध दिसत नाही. हा पेपर पुतण्यानेच मला काढून दिला, सोळातली सात आल्यावर दुसऱ्या दिवशी. पोरगं प्रामाणिक आहे.

आता माझ्या फजितीचं. त्या ३८ हजारांच्या हेडफोनवर मी वडिलांची पहिली कॅसेट लावली. खंजिरीच्या झांजा, मागून साथ धरणाऱ्यांचे गळे, सगळं सुटं सुटं. आणि त्या सगळ्याखाली, पहिल्या भजनापासून शेवटपर्यंत, घूं. आधी वाटलं रॉड उखडला. चार्जर काढून पाहिला, तरी होतंच. ते १९९४ चं घूं होतं, माझ्याच पहिल्या मशीनचं. तेव्हा मी अर्थिंग दिलंच नव्हतं आणि गावभर सांगत फिरलो होतो की रेकॉर्डिंग एकदम साफ आहे. माझ्या हेडफोनला खालचे सूर कमी, त्यामुळे इतकी वर्षं पत्ता नाही. मग परत माझा दोन हजारांचा लावला. आता त्यातही ऐकू येते. एकदा कळलं की येतेच.

म्हणून मी काय घेतलं? साडेसहा हजारांचा मागून उघडा असणारा ३२ ओहमचा हेडफोन आणि ती बोटभर वायर. मशीन नाही. माझं वय ५७, निम्मा जन्म भोंग्यासमोर गेला. बारा हजार हर्ट्झच्या वरचं मला ऐकू येत नाही, हे मी तपासून पाहिलं आहे. आणि त्या जुन्या कॅसेटांतही त्याच्यावर फारसं काही नाही. जे कानात शिरतच नाही त्याचे पैसे कायले देऊ? ज्यांचे कान शाबूत आहेत त्यांनी जागतिक आरोग्य संघटनेचं एक प्रमाण ध्यानात ठेवावं: ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास, ९० ला चारच तास. आमच्या वेळी हे सांगणारं कोणी नव्हतं.

एक तक्रार राहिली. खरेदीला नागपूरला गेलो तर दुकानदार म्हणाला, डबा फोडला तर घ्यावाच लागेल. आमच्याकडे बैल घेतानाही चार पावलं चालवून दाखवतात, दात मोजू देतात. ऐकल्याशिवाय हेडफोन कसा घ्यायचा? आपल्या पुरवणीने पुढच्या वेळी किमतीशेजारी ओहम आणि डेसिबलचा आकडा छापावा, आणि कोणत्या शहरात डोक्याला लावून बघू देतात तेही शोधून छापावं, ही विनंती.

पुतण्या मशीन परत पुण्याला घेऊन गेला, विकायला काढतो म्हणाला. त्याचा हेडफोन मात्र मी होळीपर्यंत ठेवून घेतला आहे. तेरा कॅसेटांतलं घूं अजून काढायचं आहे.

आपला,
एक माइकवाला
ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया