लेपांतोच्या विजयानंतरचे चित्रही मांडावे

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीतील ग्रीसच्या किनाऱ्याजवळ ख्रिस्ती आरमाराने तुर्कांना हरवले त्या लेपांतोच्या लढाईवरचा लेख आवडीने वाचला. मात्र ७ ऑक्टोबर १५७१ या एका दिवसात तुर्कांची समुद्रावरील सत्ता कायमची मोडली, हे त्यातील विधान पटणारे नाही.

पोप पाचवे पायस यांनी स्पेन व व्हेनिस यांना एकत्र आणून जो 'पवित्र संघ' उभारला, त्याच्या खर्चाचे सहा हिस्से करून तीन स्पेनने, दोन व्हेनिसने आणि एक पोपने उचलायचा, असे ठरले होते. धर्म एक असला तरी गरजा निराळ्या होत्या. व्हेनिसला सायप्रस वाचवायचे होते, स्पेनचा राजा दुसरा फिलिप याचे लक्ष उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे होते, आणि कॅथलिक फ्रान्स तुर्की सुलतानाशी असलेल्या जुन्या स्नेहामुळे बाहेरच राहिला. १५३८ मध्ये प्रेवेझापाशी अशाच युतीला तुर्की आरमारप्रमुख बार्बारोसाने हरवले होते, तेव्हाही व्हेनिसने पुढे सुलतानाशी स्वतंत्र तह केला होता.

लढाईचे मोठेपण मी नाकारत नाही. व्हेनिसच्या सहा अवजड गॅलिअस नौकांच्या तोफांनी तुर्की फळी विस्कळीत झाली, सेनापती अली पाशा पडला आणि वल्ह्यांशी साखळदंडाने जखडलेले हजारो ख्रिस्ती गुलाम सुटले. (विजयी नौकांची वल्हीही बऱ्याच ठिकाणी कैद्यांच्याच हाती होती, लेखात या माणसांसाठी एक ओळही नसावी, याचे वाईट वाटले.) पण सायप्रसमधील फामागुस्ता तोवर पडलेच होते, आणि इस्तंबूलच्या गोदीने पुढच्याच वर्षी नवे आरमार समुद्रात उतरवले. मार्च १५७३ मध्ये व्हेनिसने मित्रांना बाजूला ठेवून तह केला, सायप्रसवर पाणी सोडले, वर भरपाईही कबूल केली. १५७४ मध्ये तुर्कांनी ट्युनिस परत घेतले.

त्याच सुमारास, १५७०-७१ मध्ये, आदिलशहाने पोर्तुगीजांच्या गोव्याला आणि मुर्तजा निजामशहाने त्यांच्याच चौलला एकाच वेळी वेढा घातला होता. आपला नाशिक परगणा तेव्हा निजामशाहीतच होता. चौलजवळच्या रेवदंड्याला समुद्रालगतचा तो पोर्तुगीज तट मी पाहिला आहे. एवढे दोन सुलतान एकत्र येऊनही ना गोवा पडला, ना चौल. पुरवणीत या दोन युतींची तुलना करणारा लेख अभ्यासकाकडून लिहवून घ्यावा, अशी विनंती आहे.

– एक निवृत्त इतिहास शिक्षक, नाशिक रोड