जुना ॲम्प की नवा, हे मागची फळी काढल्यावर बोलू

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत गिटार शिकणाऱ्यांसाठी दिलेलं पान वाचलं. तारा कधी बदलायच्या, सूर कसा लावायचा, बोटांचे व्यायाम, सगळं नीट होतं. ॲम्प्लिफायरच्या चौकटीत मात्र सल्ला एवढाच : जुनी आवृत्ती मिळत असेल तर डोळे मिटून घ्या, नव्यात तो आवाज नाही. मी ॲम्प दुरुस्त करतो. डोळे मिटून घेतलेले ॲम्प शेवटी माझ्याच टेबलावर येतात, म्हणून हे पत्र.

जुन्या-नव्याचा वाद सगळ्यात तावातावानं चालतो तो फेंडर या अमेरिकन ॲम्प-गिटार कंपनीवरून. १९६५ मध्ये ती सीबीएस या प्रसारण कंपनीकडे गेली आणि १९६८ च्या सुमारास ॲम्पची काळी दर्शनी पट्टी चंदेरी झाली. तेव्हापासून काळी पट्टी चांगली आणि चंदेरी वाईट, असं समीकरण होऊन बसलंय. आत बघितलं की ते टिकत नाही. फेंडरचा डीलक्स रिव्हर्ब घ्या : २२ वॅट, ६व्ही६ जातीच्या दोन ट्यूब (आवाज वाढवणाऱ्या काचेच्या नळ्या), बारा इंची एक स्पीकर. पट्टीचा रंग बदलला त्या काळात त्याच्या सर्किटमध्ये फार काही हललं नाही. ट्विन रिव्हर्बचं मात्र पुष्कळ हललं. बायसची (ट्यूबमधला प्रवाह ठरवण्याची) मांडणी बदलली, पुढं मास्टर व्हॉल्यूम (एकूण आवाजाचं वेगळं बटण) आला आणि सत्तरचं दशक संपता संपता तो १३५ वॅटचा झाला. पट्टी एकच, पण आतली गोष्ट दोन्हींची वेगळी. शिवाय सुरुवातीचे फेरफार म्हणजे मोजके रेझिस्टर आणि कपॅसिटर. जाणता माणूस सोल्डरिंगची इस्त्री घेऊन बसला तर ते पूर्ववत करून देतो, आणि कित्येकांनी करून घेतलेही आहेत. १३५ वॅटवाल्याचं तसं नाही, त्यात ट्यूब आणि स्पीकर यांच्यामधला आउटपुट ट्रान्सफॉर्मरच निराळा आहे.

१९९३ मध्ये याच डीलक्स रिव्हर्बचा '६५' नावाचा नवा अवतार आला. सर्किट जुनंच, पण हातानं जोडलेल्या तारांऐवजी पीसीबी, म्हणजे छापील सर्किटचा बोर्ड. पीसीबीनं आवाज मरतो असं छातीठोकपणे सांगणारे खूप भेटतात. मला ते पटत नाही. पीसीबीचा तोटा ऐकताना नाही, दुरुस्तीला बसल्यावर कळतो. पॉट (बटणामागचे फिरते रेझिस्टर) आणि जॅक थेट बोर्डावर बसवलेले असले की केबलला बसलेला प्रत्येक हिसका सोल्डरपर्यंत पोचतो. जुन्या ॲम्पमध्ये जॅक पत्र्याला नटानं आवळलेला असतो आणि त्याला फक्त तार जोडलेली असते. ती तुटली तर दोन मिनिटांत लागते.

खरा प्रश्न पडतो तो याहून साध्या ॲम्पच्या बाबतीत. वादकांच्या हातात जास्त दिसतो तो फेंडरचाच हॉट रॉड डीलक्स : ४० वॅट, दोन ६एल६ ट्यूब, बारा इंची एक स्पीकर. तो १९९६ पासून निघतोय. २०१० मध्ये त्याची तिसरी आवृत्ती आली, २०१८ मध्ये चौथी. पहिल्यावरची सार्वत्रिक तक्रार अशी की व्हॉल्यूमचं बटण दोनवर नेलं की घर दणाणतं आणि त्यापुढं फिरवायला काही उरतच नाही. तिसऱ्यात कंपनीनं पॉटचा चढ बदलला, आवाज हळूहळू वाढू लागला. चौथ्यात प्रीॲम्पमध्ये (आवाज वाढवण्याच्या पहिल्या टप्प्यात) थोडा फेरफार झाला, रिव्हर्ब म्हणजे आवाजाचा घुमारा मऊ झाला आणि सेलेशन कंपनीचा ए-टाइप स्पीकर आला. म्हणजे घरी वाजवणाऱ्यानं पहिल्याच आवृत्तीचा हट्ट धरावा असं काही मला तरी दिसत नाही. स्टेजवर ड्रमसोबत वाजवणाऱ्याला त्या पॉटचा त्रास तितका होत नाही, त्याला पहिली आवृत्ती खुशाल चालेल.

फक्त तिच्यातली एक जागा बघून घ्यावी. आत ४७० ओहमचे, ५ वॅटचे दोन पांढरे चौकोनी रेझिस्टर शेजारी शेजारी बसलेले असतात. ते भयंकर तापतात. वर्षानुवर्षं तापून त्यांच्याखालचा बोर्ड तपकिरी पडतो, आणि भिंग धरलं तर पायाभोवतीच्या सोल्डरला केसाएवढी गोल चीर दिसते. गार असताना ॲम्प ठणठणीत. अर्ध्या तासानं रिव्हर्ब जातो, चॅनल बदलत नाही, आवाज फाटतो, कारण या सगळ्याला लागणारी कमी व्होल्टची वीज त्याच दोन रेझिस्टरमधून येते. मालक ट्यूब बदलतो. ट्यूब बदलून काही होत नाही. मी लाकडी काडीनं रेझिस्टरला हलकं टकटक करतो, आवाज येतो-जातो, की निदान झालं. दोन्ही रेझिस्टर बोर्डापासून थोडे वर उचलून नव्यानं सोल्डर केले की ॲम्प पुन्हा वर्षानुवर्षं चालतो. विकणाऱ्याला 'कोणतं साल?' विचारण्याआधी 'हे काम झालंय का?' विचारा.

आता आवाजाबद्दल. माझ्या टेबलावर एकाच मॉडेलची जुनी आणि नवी जोडी आली की मी त्यांच्या स्पीकरच्या पिना उलटसुलट लावून बघतो. दोन्ही ८ ओहमचे असल्याची खात्री आधी करतो, मग जुना ॲम्प नव्याच्या स्पीकरला आणि नवा जुन्याच्या. बहुतेक वेळा ज्याला मालक 'जुन्याचा गोडवा' म्हणत असतो तो स्पीकरबरोबर पलीकडे जातो. वापरून वापरून स्पीकरच्या कोनाची (कागदी पडद्याची) कड सैल झालेली असते, वरची चरचर गेलेली असते. एकट्या स्पीकरनं जेवढा फरक पडतो तेवढा दोन आवृत्त्यांच्या सर्किटमध्ये मी क्वचितच ऐकलाय.

दुसरी फसगत मोठेपणाची. जरासा मोठा वाजणारा ॲम्प कानाला नेहमी भरदार वाटतो, कारण हळू आवाजात आपल्याला खर्ज आणि वरचे सूर कमी ऐकू येतात. त्यामुळे दोन ॲम्प पडताळताना आधी दोन्हींचा आवाज सारखा करा, मग मत द्या. बटणाचे आकडे जुळवून उपयोग नाही, पॉट वेगळे असतात. आणि वॅटच्या आकड्यालाही भुलू नका. वॅट दुप्पट झाले की फक्त ३ डेसिबल वाढतात. १५ आणि ३० वॅटच्या ॲम्पमध्ये लोक समजतात तेवढं अंतर नाही.

हे सगळं ट्यूबच्या ॲम्पचं. डिजिटल ॲम्पला यातलं जवळपास काही लागू होत नाही, आणि आपल्या चौकटीत दोन्हींची सरमिसळ झाली होती. बॉस कंपनीचा कटाना हा असाच डिजिटल ॲम्प २०१६ मध्ये आला, एमके-टू २०१९ मध्ये, तिसरी पिढी २०२४ मध्ये. प्रत्येक पिढीचं सेटिंगचं ॲप निराळं. ट्यूबच्या ॲम्पमध्ये नवी आवृत्ती आवडली नाही तर रेझिस्टर बदलून तो पुष्कळसा जुन्यासारखा करता येतो. इथं फरक चिपमध्ये आणि सॉफ्टवेअरमध्ये असतो, माझी इस्त्री तिथं पोचत नाही. म्हणून अशा ॲम्पमध्ये मी नव्याच्या बाजूनं आहे. जुना घ्यायचाच असेल तर तो कॉम्प्युटरला न जोडता, नुसत्या वरच्या बटणांवर वाजवून बघा. तेवढ्यात समाधान झालं तर घ्या, कारण ॲप उद्याच्या कॉम्प्युटरवर चालेलच असं नाही.

पाठीचं दुखणं असणाऱ्यांसाठी जाता जाता : २०१९ मध्ये आलेला फेंडरचा टोन मास्टर डीलक्स रिव्हर्ब हा ट्यूबशिवायचा डिजिटल ॲम्प आहे. ट्यूबवाला साधारण १९ किलोंचा, हा साडेदहाच्या आसपास. शिवाय मागच्या बटणानं तो २२ वॅटपासून ०.२ वॅटपर्यंत खाली आणता येतो, म्हणजे पूर्ण उघडल्यावर येणारा फाटका आवाज रात्रीही काढता येतो. नाक मुरडणारे मुरडोत.

राहिलं ते सगळ्यात महत्त्वाचं, आणि तेच चौकटीत नव्हतं. साठच्या दशकातले अनेक अमेरिकन ॲम्प दोन पिनांच्या केबलचे होते. मुख्य विजेपासून थेट चासीला (आतल्या धातूच्या सांगाड्याला) जोडलेला एक कपॅसिटर त्यांत असतो. तो शॉर्ट झाला तर वीज चासीवर येते, तिथून केबलमार्गे गिटारच्या तारांवर, आणि वादकाचे ओठ माइकला लागले की त्याच्यातून पुढं. तो कपॅसिटर काढून, अर्थिंगसह तीन पिनांची केबल बसवल्याशिवाय असा ॲम्प वाजवू नये. ११७ किंवा १२० व्होल्टचा ॲम्प २३० व्होल्टच्या प्लगात सरळ खुपसला तर काय होतं, ते सांगायला नको. फिल्टर कपॅसिटर (ॲम्पला मिळणारी वीज स्थिर करणारे) मूळचेच असतील तर तेही बदलावे लागणार हे धरून चाला. सतत घुमणारा आवाज, फुगलेली टोपी, कडेला सुकलेला चिकट द्रव, ही त्यांची लक्षणं.

चौकट पुन्हा छापणार असाल तर एक ओळ जरूर घाला. प्लग काढल्यानंतरही ट्यूब ॲम्पच्या कपॅसिटरमध्ये ४०० व्होल्टच्या वर वीज साठलेली राहू शकते. तेव्हा मथळ्यात मी 'मागची फळी काढल्यावर' असं जे लिहिलंय, ते बाहेरून टॉर्च मारून बघण्यापुरतं. चासी बाहेर काढायची असेल तर ती वीज उतरवता येणाऱ्याकडेच द्यावी.

आपला,
ॲम्प दुरुस्त करणारा एक वाचक